हातकाम कुणाच्या मुलांनी शिकायचं? : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार दादा,

‘आठवीपासून कौशल्यशिक्षण म्हणजे वस्तीतली मुलं गॅरेजात आणि सोसायटीतली कॉलेजात. आधी गणित-इंग्रजी धड शिकवा,’ असं तुम्ही, आठवीपासून शाळेत हातकाम शिकवावं या माझ्या लेखावर लिहिलंत. दोनदा वाचलं. ही भीती खोटी नाही. अकरावी-बारावीच्या, व्यवसाय शिकवणाऱ्या किमान कौशल्य शाखेचं आपण काय केलं? ‘सायन्सला नंबर लागला नाही ना, मग तिकडे जा.’ शिक्का बसला तो बसलाच.

म्हणूनच वेगळी शाखा नको, सगळ्या वर्गाला हवं, हे मी मूळ लेखात ठळक लिहायला हवं होतं. अमेरिकेत पीएचडी केलेल्या, हिंदुस्थान लिव्हरमध्ये संशोधन केलेल्या डॉ. कलबागांनी १९८३ साली शिरूर तालुक्यात पाबळला विज्ञान आश्रम ही हाताने काम करत शिकवणारी संस्था सुरू केली. तिथून शाळांमध्ये गेलेला ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ हा विषय आठवी ते दहावीला, आठवड्यातून एक दिवस. वेल्डिंग, वीज, शेती, अन्नप्रक्रिया. मुलींच्या हातीही वेल्डिंग आणि मुलग्यांच्या हातीही चिक्कीची कढई.

राहिलं गणित. मी भोसरीत नववीला तेच शिकवते. गेल्या वर्षी मुलांनी टेबलासाठी लोखंडी अँगलची चौकट केली. समोरासमोरच्या बाजू अगदी सारख्या, तरी चौकट तिरकी. का, ते कुणालाच कळेना. मागच्या बाकावर बसणारी, एरवी गप्प असणारी एक मुलगी उठली. म्हणाली, ‘बाई, दोन्ही कर्ण मापून बघा.’ एक कर्ण दुसऱ्यापेक्षा दीड सेंटिमीटरने जास्त निघाला. तिचे वडील गवंडी. पाया आखताना ते दोरीने तीन, चार, पाच फूट मापून काटकोन काढतात, हे तिने फळ्यावर काढून दाखवलं. पायथागोरसचं प्रमेय त्या वर्गाला मी आधीच शिकवून झाले होते. सिद्धता सगळ्यांना पाठ होती. कळलं मात्र त्या दिवशी.

आणि गॅरेजपाशी वाट संपत नाही. आयटीआय केलेल्याला पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला, डिप्लोमा झालेल्याला इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो. दहावीचा निकाल लागल्यावर हे किती घरांत कुणी सांगतं? आमच्या भागात चाकणच्या कारखान्यांत जाणारे पालक पुष्कळ, पण मुलाने तिथे कुठल्या वाटेने, कुठल्या पदावर जायचं, हे त्यांच्याशी शाळेने बोलायला हवं.

एक मात्र तुमचं पूर्ण मान्य. कार्यशाळा नाही, शिकवणारा माणूस नाही, नुसता ‘कौशल्य दिन’ साजरा करून फोटो काढायचे असतील, तर ते तास मला गणिताला द्या.