कडू ते कडूच

"साधी बिअर म्हणजे?" काउंटरमागच्या मुलीने विचारलं. मुघलाई हॉटेलात कुणी दहीभात मागितला की वेटरच्या चेहऱ्यावर जो भाव येतो, तोच तिच्या चेहऱ्यावर.

कॅलिफोर्नियातलं सॅन डिएगो, एका ब्रुअरीचा बार, शुक्रवारची संध्याकाळ. भिंतीवर बिअरचे २४ नळ आणि शेजारी फळा, त्यावर खडूने नावं आणि दारूचे टक्के. हेझी, म्हणजे गढूळ, आयपीए ७.१ टक्के, वेस्ट कोस्ट आयपीए ७.४, डबल हेझी ९.२, ट्रिपल १०.५, बर्बनच्या पिंपात मुरवलेलं इम्पीरियल स्टाउट १२. माझ्या उपयोगाची ओळ एकच होती, पिल्सनर ही हलकी बिअर, ४.८, आणि तिच्यावर खडूची आडवी रेघ. तिचा केग, म्हणजे पिंप, संपला होता.

शेजारच्या स्टुलावर एक दाढी बसली होती. दाढीच्या मागे माणूस होता, पण त्याचा शोध जरा उशिरा लागला. टी-शर्टवर बिअरला कडूपणा देणाऱ्या हॉप्सचं हिरवं बोंड, हातात पोटफुगा ग्लास.

"अरे, तू इंडियाचा ना?" इंग्रजीत तू आणि तुम्ही असा भेद नसतो म्हणतात. याचं 'यू' मात्र कानात शिरतानाच 'अरे तू' झालं.

मी मान डोलावली. चूक झाली.

"आणि पिल्सनर मागतोस? आयपीए म्हणजे इंडिया पेल एल! तुमची बिअर आहे ती!"

कुलदैवत सोडून परक्या देवळात नारळ फोडताना मला पकडल्यासारखा चेहरा केला त्याने. मग निरूपण सुरू झालं. इंग्रजांची गलबतं, सहा महिन्यांचा प्रवास, दोनदा विषुववृत्त, नासणारी बिअर आणि हिंदुस्थानात घसा कोरडा पडलेले गोरे सोल्जर. मग हॉजसन नावाच्या लंडनच्या भल्या माणसाने युक्ती केली, हॉप्स वाढवले, दारू वाढवली आणि आयपीएचा अवतार झाला. प्रत्येक 'इंडिया'ला तो माझ्याकडे बोट दाखवत होता. आजूबाजूचे दोघं-तिघं माझ्याकडे कौतुकाने बघायला लागले, जणू ती पिंपं माझ्याच पणजोबांनी माझगावच्या धक्क्यावर उतरवून घेतली होती.

आता या कथेत खरं किती? हॉजसनची ब्रुअरी लंडनजवळ बो इथे होती आणि त्याची पेल एल, म्हणजे फिकट रंगाची बिअर, हिंदुस्थानात खपायची, हे खरं. पण त्याने काही शोध लावला नव्हता. ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांची गोदी जवळ होती आणि तो कप्तानांना दीड-दीड वर्ष उधारी द्यायचा. धंद्याचं गुपित हॉप्समध्ये नव्हतं, वहीत होतं. ती बिअर साधारण सहा-साडेसहा टक्क्यांची, म्हणजे त्या काळच्या मानाने काही राक्षसी नव्हे. सोल्जर लोक तर मुख्यतः पोर्टर ही काळी बिअर प्यायचे, आणि तीही तोच प्रवास करून धडधाकट पोचायची. 'इंडिया पेल एल' हे नाव छापलेलं सापडतं ते १८२९ मध्ये, सिडनीच्या वर्तमानपत्रात. म्हणजे बनली इंग्लंडात, नाव छापलं ऑस्ट्रेलियात, कडू केली कॅलिफोर्नियाने आणि जबाब द्यायचा मी.

यातलं निम्मं मी बोलूनही दाखवलं. "एक घोट घेऊन तर बघ," असं म्हणून दाढीने विषय मिटवला आणि परस्पर ऑर्डर दिली. डबल हेझी, माझ्या बिलावर.

आधी वास आला हापूसचा, खोटं कशाला बोलू. मग पेरू, मग ताज्या कापलेल्या पाइनचा चीक. आणि गिळल्यावर घसा आतून कुणी काथ्याने घासल्यासारखा. याला इथे 'हॉप बर्न' म्हणतात. लिटरमागे वीस-वीस ग्रॅम हॉप्स थंड बिअरमध्ये भिजवले आणि खाली बसायला पुरेसा वेळ दिला नाही की बारीक चोथा आणि पॉलिफेनॉल नावाची तुरट द्रव्यं तरंगत राहतात, आणि ते थेट घशाला धरतात. थोडक्यात, आमरसात गुळवेलीचा काढा आणि वर काथ्या.

"पहिल्यांदा होतं असं," दाढी प्रेमाने म्हणाली. "आणखी दहा पी. सवय होते."

कडू कारलं तुपात तळलं, साखरेत घोळलं, तरी कडू ते कडूच. आपण कारल्याला आधी मीठ लावून पिळतो, त्याची मनधरणी करतो. कडुलिंबसुद्धा पाडव्याला, वर्षातून एकदाच, तोही गूळ घालून. रोज संध्याकाळी पैसे मोजून कडुलिंब खा आणि सवय होईपर्यंत खात राहा, असं आमच्या आजीनेही कधी सांगितलं नाही. आणि ती काढे पाजणारी बाई होती.

हे असं झालं कसं, तेही सांगतो. १९७०च्या दशकाच्या शेवटी अख्ख्या अमेरिकेत बिअरचे कारखाने शंभराच्या आत उरले होते आणि बहुतेकांची बिअर एकसारखी पातळ, फिकी. त्या पाण्याला कंटाळून छोट्या लोकांनी बंड केलं, ते रास्तच होतं. कॅस्केड नावाचं अमेरिकी हॉप १९७२ मध्ये आलं, सॅन फ्रान्सिस्कोच्या अँकर ब्रुअरीने १९७५ मध्ये ते लिबर्टी एलमध्ये वापरलं, १९८० मध्ये कॅलिफोर्नियातल्याच चिकोहून सिएरा नेव्हाडा ब्रुअरीची पेल एल आली. ती ५.६ टक्के, ३८ आयबीयू. हे आयबीयू म्हणजे लिटरमागे किती मिलिग्रॅम कडू द्रव्य, त्याचं माप. बाजारातल्या फिक्या लागर बिअरमध्ये ते दहाच्या आसपास. तेव्हा ३८ ऐकून लोक दचकत होते. इथवर सगळं छान होतं. थांबायला हवं होतं.

पण बंडाची सवय लागली. १९९४ मध्ये टेमेक्युलाच्या ब्लाइंड पिग ब्रुअरीने हॉप्स दुप्पट केले. १९९७ मध्ये आमच्याच काउंटीतून स्टोन ब्रुअरीची अ‍ॅरोगंट बास्टर्ड ही बिअर आली. तुला ही बहुधा आवडणार नाही, असं ती गिऱ्हाइकाला लेबलवरच बजावते. आणि गिऱ्हाईक खूश! पुण्यातल्या पाट्यांचं मर्म अमेरिकेला उशिरा का होईना कळलं.

दाढीला जे माहीत नाही, किंवा माहीत असून सांगायचं नाही, ते असं. कडूपणा पांघरूण घालतो. बिअर आंबताना लोण्यासारखा वास येतो, तो डायअसेटिलचा. उकडलेल्या मक्याचा वास डायमिथाइल सल्फाइडचा, कच्च्या सफरचंदाचा अ‍ॅसिटाल्डिहाइडचा. पिल्सनरमध्ये यातलं काहीही लपत नाही. साध्या वरणात मीठ चुकलं की लगेच कळतं, मिसळीच्या तर्रीखाली कशाचा पत्ता लागतो? शिवाय पिल्सनरला दहा अंश सेल्सिअसवर आठवडा-दीड आठवडा सावकाश आंबवायचं, मग लोण्याचा वास जावा म्हणून दोन-तीन दिवस सोळा-सतरा अंशांवर आणायचं, मग शून्याजवळ महिनाभर निजवायचं. आयपीए वीस अंशांवर आंबून दोन-तीन आठवड्यांत नळावर हजर. तेवढ्याच वेळात त्याच टाकीतून दोन घाणे निघतात. वर तिचा भाव जास्त, आणि ऑनलाइन तारे देणारे तारे देतात तेही तिलाच, कारण चार घोटांच्या चवपाहणीत आरडाओरडा करणारीच लक्षात राहते.

डबलला ग्लास लहान देतात, दहा औंस, साधारण २९६ मिलिलिटर. पैसे पूर्ण पिंटचे. हिशेब मांडा: २९६ मिलिलिटरात ९.२ टक्क्यांनी शुद्ध अल्कोहोल सत्तावीस मिलिलिटर. पिल्सनरच्या ४७३ मिलिलिटरच्या अख्ख्या पिंटमध्ये तेवीसही नाही. मला दोन ग्लास घेऊन दोन तास बसायचं होतं, गप्पा मारायच्या होत्या, मग गाडी चालवत घरी जायचं होतं. या शहरात गाडीशिवाय घर गाठता येत नाही आणि बिअर मात्र अशी, की दुसरा ग्लास घेतला तर गाडी तिथेच ठेवावी लागते. इंग्लंडात साडेतीन-चार टक्क्यांची बिटर पीत लोक अख्खी संध्याकाळ काढतात, आणि त्यांना कुणी पुचाट म्हणत नाही. आपल्या परमिट रूममध्येही स्ट्राँगचंच राज्य आहे, मान्य. तिथे 'किक' आणि पैसा वसूल हा उघड मामला असतो, पण वेटर निदान "स्ट्राँग की माइल्ड?" असं विचारतो तरी. इथे त्याच किकला 'कॅरेक्टर' म्हणतात आणि माइल्ड मागणाऱ्याची शिकवणी घेतात.

'सेशन आयपीए' लिहिलेलं दिसलं म्हणून भुलू नका. दारू साडेचार टक्के असते, कडूपणा पुरा. मॉल्टचं, म्हणजे मोड आणलेल्या जवाचं, अंग नसल्यामुळे तो उलट जास्त बोचतो. फळ्यावर हेलेस, कोल्श किंवा चेक पिल्सनर अशी हलकी बिअर शोधा. आणि आठवड्याच्या सुरुवातीला जा. का, ते मला बिल देताना कळलं.

स्क्रीनवर टिपचे पर्याय आले: १८, २०, २५ टक्के. अख्ख्या फळ्यावर इतकं स्ट्राँग काही नव्हतं. अर्धा ग्लास तसाच ठेवून मी विचारलं, पिल्सनर परत कधी?

"पाच आठवडे तरी. टाकीत आहे."

"एवढा खप आहे?"

"गिऱ्हाईक कुठे घेतं?" ती म्हणाली. "शिफ्ट संपली की आमचे ब्रुअर तीच पितात. हा शेवटचा केग यानेच संपवला." आणि तिने दाढीकडे बोट दाखवलं.