चायनाचा लेथ भंगार नाही, अर्धवट जुळवलेला आहे

लेथवर, म्हणजे धातूचा तुकडा (जॉब) फिरवत कापायच्या मशिनवर, काम करणाऱ्या टर्नर-फिटर मंडळींमध्ये एक मेसेज सारखा फिरतोय. त्याचा सारांश असा: ‘चायनाचा छोटा लेथ घेऊ नका. बीड कच्चं, बेड वाकडा, टेपर येतो, स्टील कापत नाही, गिअर प्लास्टिकचे. कितीही जुळवा, खेळणं ते खेळणंच. त्याच पैशात जुना देशी लेथ घ्या.’ कोल्हापूरच्या उद्यमनगरात हयात घालवलेल्या लोकांनीही तो पुढे पाठवलाय. त्यांच्या शब्दावर नवी पोरं विश्वास ठेवतात, म्हणून हे लिहितोय. राजारामपुरीत दुसऱ्या मजल्यावर, घराच्या मागच्या खोलीत, माझ्याकडे असा लेथ तीन वर्षं आहे. बेडवर, म्हणजे खालच्या लांब रुळांवर, १८० मिमी व्यास फिरतो, दोन टोकांच्या सेंटरमध्ये ३५० मिमी लांबीचा जॉब बसतो, वजन चाळीसेक किलो.

आधी बिडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं बोलू. कास्टिंग सगळीकडे सारखं थंड होत नाही, त्यामुळे आत ताण राहतो. तो काढायला कास्टिंग ५५० अंशांच्या आसपास तापवून सावकाश थंड करतात, किंवा जुन्या पद्धतीने महिनोन्‌महिने उन्हापावसात टाकून ठेवतात. हे न करता मशिनिंग केलं तर बेड पुढे हळूहळू वाकतो. इथपर्यंत मेसेज बरोबर. पण बेड वाकलाय की नाही हे मोजून कळतं, आणि फाउंड्रीच्या गावात तरी न मोजता कास्टिंग नापास करू नये.

मी मोजलं ते असं. २५ मिमीचा बार चकात, म्हणजे फिरत्या पकडीत, धरून १०० मिमी बाहेर ठेवला, मधला भाग खोल उतरवून दोन्ही टोकांना कॉलर, म्हणजे जाड कडी, ठेवल्या. टेलस्टॉक, म्हणजे दुसऱ्या टोकाचा आधार, लावला नाही. मग धारदार टूलने, क्रॉस स्लाइडला (टूल आत-बाहेर नेणाऱ्या भागाला) हात न लावता, दोन्ही कॉलरवर एकच अगदी हलका कट. व्यासात ४० मायक्रॉनचा फरक, म्हणजेच टेपर! मेसेजच्या हिशेबाने बेड वाकडा. मी लेथ टेबलाला धरणारे बोल्ट सैल केले आणि पुन्हा तोच कट घेतला. फरक १० मायक्रॉनच्या आत आला. टेबलावरचा प्लाय सपाट नव्हता, आणि बोल्ट आवळताना मीच बेडला पीळ दिला होता. एका पायाखाली शिम, म्हणजे पातळ पत्र्याचा तुकडा, घालून बोल्ट हलके आवळले, विषय मिटला. बेड सरळ असूनही फरक राहिलाच तर हेडस्टॉकखाली, म्हणजे चक फिरवणाऱ्या भागाखाली, शिम घालायची. सेंटरमध्ये धरल्यावरच टेपर येत असेल तर टेलस्टॉक सरकवायचा. तिन्ही रोग वेगळे आहेत, औषधंही वेगळी.

‘स्टील कापत नाही’ हा आरोप सगळ्यात जास्त पटतो, कारण पहिल्या दिवशी माझंही टूल थरथरलं आणि जॉबवर लाटा उठल्या. दोष जिबचा होता. क्रॉस स्लाइडची जिब म्हणजे एक पातळ पट्टी, तिला बाजूने तीन-चार स्क्रू दाबतात. माझी पट्टी बाहेर काढली तर तिच्यावर करवतीच्या खुणा तशाच होत्या, आणि स्क्रूची टोकं बसायच्या खळग्या इतक्या उथळ की स्क्रू आवळला की पट्टी तिरकी व्हायची. जाड काचेवर पॉलिश पेपर चिकटवून पट्टी घासली, मार्किंग ब्लू (निळा रंग) लावून उंचवटे शोधले, पुन्हा घासली. खळग्या ड्रिलने जरा खोल केल्या, स्क्रूची टोकं गोल केली. मग फीडचा स्क्रू सोडवून स्लाइड नुसत्या हाताने मागेपुढे करत एकेक स्क्रू किंचित ओढ लागेपर्यंत आवळला. लॉकनट आवळताना ॲलन की तशीच धरून ठेवायची, नाहीतर नटाबरोबर स्क्रूही फिरतो आणि सगळी मेहनत वाया. यात माझा अख्खा रविवार गेला.

बेडवर सरकणाऱ्या सॅडलच्या खालच्या पट्ट्यांचं दुखणंही तसंच. तिथे काही स्क्रू ओढतात, काही ढकलतात आणि पट्टी वाकडी बसते. ढकलणारे स्क्रू काढून त्या जागी मापाची शिम घातली. कोल्ड्रिंकच्या कॅनचा पत्रा साधारण ०.१ मिमीचा असतो, तो कामाला आला. त्यानंतर स्वतः घासलेल्या एचएसएस (हाय स्पीड स्टील) टूलने, धार बरोबर सेंटरच्या उंचीला ठेवून, एमएसवर (माइल्ड स्टीलवर) अर्ध्या मिलिमीटरचा कट सलग निघतो. तीन मिलिमीटरचा निघणार नाही. वजनच तेवढं नाही, ते मान्य.

आणलेल्या दिवशीच बेअरिंग बदला म्हणणाऱ्यांनाही विनंती आहे, आधी चक फिरवणाऱ्या स्पिंडलला डायल गेज लावून तो डगमगतो का बघा. बहुतेक ठिकाणी मागचा नट बसवून काम भागतं. बदलायचीच असतील तर ६२०६ (साधी बॉल बेअरिंग) च्या जागी ७२०६ (अँग्युलर कॉन्टॅक्ट) जोडीने बसते, दोन्हींची जाडी १६ मिमी. टेपर रोलर ३०२०६ मात्र १७.२५ मिमी जाड, म्हणजे स्पेसर कमी करणं आलं.

प्लास्टिकचे गिअर? टूल जॉबमध्ये रुतलं की ते आधी तुटतात, मोटर आणि तिचा कंट्रोल बोर्ड वाचतो. एक जादा संच घेऊन ठेवा.

राहिला जुना देशी लेथ. खाली शेड असेल, थ्री फेज असेल, तर जरूर घ्या. पण शेकडो किलोचं धूड माझ्या जिन्याने वर येत नाही. शिवाय वर्षानुवर्षं चकाजवळच काम झाल्यामुळे त्याचा बेड तिथेच झिजलेला असतो. तिथे जिब नीट बसवली तर टेलस्टॉककडे सॅडल जाम, तिकडे मोकळी केली तर चकाजवळ खुळखुळा. ही झीज शिमने भरत नाही, बेड ग्राइंडिंगलाच पाठवावा लागतो. तो खर्च मेसेजमध्ये कुठेच धरलेला नाही.

तो दोन कॉलरचा बार मी जपून ठेवलाय. आपल्याकडच्या पावसात प्लाय फुगतो, म्हणून दर ऑक्टोबरमध्ये तो चकात धरून दोन्ही कॉलरवर एक हलका कट घेतो. गेल्या वेळी एका पायाखालची शिम बदलावी लागली.