मागच्या तारखेच्या नोंदी आम्ही करून देत नाही: एका स्टारच्या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार सर,

तुमचा रिव्ह्यू वाचला. सहा महिने झाले तरी आयएसओ २७००१ चं (माहितीच्या सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय मानकाचं) सर्टिफिकेट नाही, सगळं काम तुमच्याच लोकांकडून करून घेतलं, शनिवारी रात्री ड्रिलच्या (सायबर हल्ल्याच्या सरावाच्या) नावाखाली स्टाफला फोन लावले, आणि ‘मागच्या तारखा टाकून कागदपत्रं पूर्ण करून द्या’ म्हटल्यावर नकार दिला, असं तुम्ही लिहिलं आहे. आपल्यात गोपनीयतेचा करार आहे, त्यामुळे तुमच्या सिस्टिममध्ये काय आढळलं यावर मी इथे एक शब्दही लिहिणार नाही. सल्लागार म्हणून आमची कामाची पद्धत मात्र सांगतो.

आधी कागदपत्रांचं. धोरणं, प्रोसिजर, जोखमींची नोंदवही हे लिहून देणं आमचं काम आहे आणि ते तुम्हाला मिळालं आहे. नकार आहे तो न झालेल्या कामाच्या नोंदींना. कोणाकडे कोणता ॲक्सेस आहे याचा आढावा, बॅकअप रिस्टोअर करून पाहिल्याचा पुरावा, अंतर्गत ऑडिट, मॅनेजमेंट रिव्ह्यूचं इतिवृत्त, या गोष्टी प्रत्यक्ष घडल्या तरच लिहिता येतात. चांगला ऑडिटर नुसती फाइल बघत नाही. तो एचआरकडून नोकरी सोडलेल्यांची यादी मागतो, ॲडमिनच्या शेजारी बसून चालू अकाउंट उघडायला लावतो आणि दोन्ही ताडून बघतो. तिथे जुनी तारीख टिकत नाही.

पण समजा टिकली, तरीही आम्ही ते करणार नाही. तुम्ही पगाराचं सॉफ्टवेअर चालवता, असं तुमच्याच रिव्ह्यूत आहे. म्हणजे हजारो माणसांचे पॅन, बँक खाते नंबर, घरचे पत्ते तुमच्याकडे आहेत. त्या माणसांनी ना तुम्हाला निवडलंय, ना मला. त्यांची कंपनी सर्टिफिकेट बघून माहिती तुमच्या हवाली करते. उद्या ती फुटली, तर डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, २०२३ मध्ये पुरेशी सुरक्षा न ठेवल्याबद्दल २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे, आणि तेव्हा भिंतीवरचं सर्टिफिकेट कामी येत नाही.

‘दुसरीकडे १५ दिवसांत मिळतं,’ असंही तुम्ही म्हणता. सर्टिफिकेट आम्ही देत नाही आणि देऊही शकत नाही. क्लासचे सर वेगळे, बोर्डाचे परीक्षक वेगळे, तसंच इथे आहे. ज्या संस्थेनं सल्ला दिला तिनंच सर्टिफिकेट द्यायचं, हे सर्टिफिकेशन संस्थांच्या नियमांतच बसत नाही. म्हणून ‘सल्ला, ऑडिट, सर्टिफिकेट सगळं आमच्याकडेच’ असं कोणी सांगत असेल, तर पैसे भरण्याआधी त्या संस्थेला एनएबीसीबी (सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थांना मान्यता देणारं भारतातलं मंडळ) किंवा तशाच मान्यताप्राप्त मंडळाचं ॲक्रेडिटेशन, म्हणजे मान्यता, आहे का, एवढं नक्की तपासा. नाहीतर ‘ॲक्रेडिटेशन कोणाचं?’ असा परदेशी ग्राहकाचा एक ईमेल येतो आणि सगळा खर्च वाया जातो.

तुमच्या लोकांना काम करावं लागलं, हे खरं आहे. आयएसओ २७००१ च्या २०२२ च्या आवृत्तीत ९३ कंट्रोल्स, म्हणजे सुरक्षेचे उपाय, आहेत. त्यांतले तुम्हाला कोणते लागू, हे ठरवायला आम्ही मदत करतो. पण अकाउंट बंद करणार तुमचा ॲडमिन, आणि कोण कधी सोडून गेलं हे ठाऊक तुमच्या एचआरला. सर्टिफिकेट तीन वर्षांचं असतं आणि मध्ये दरवर्षी सर्व्हेलन्स ऑडिट, म्हणजे फेरतपासणी, होतं. तेव्हा उत्तरं त्यांनाच द्यायची आहेत.

आता शनिवारची रात्र. सर्ट-इनच्या (सायबर घटना हाताळणारी केंद्र सरकारची संस्था) २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार ठरावीक प्रकारची सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवावी लागते. लॉग (सिस्टिममध्ये काय घडलं याच्या आपोआप होणाऱ्या नोंदी) १८० दिवस जपावे लागतात आणि सर्व्हरची घड्याळं जुळलेली लागतात. अमेझॉनच्या क्लाउडट्रेलमध्ये (त्यांच्या क्लाउडवर कोणी काय केलं याची नोंद ठेवणारी सेवा) वेगळी सोय केली नाही, तर इव्हेंट हिस्टरी ९० दिवसांचीच दिसते, हे अनेकांना घटना घडल्यावरच कळतं. आणि हल्ला करणारे सुट्टी बघूनच येतात. पुण्यात कॉसमॉस बँकेवरचा हल्ला ११ ऑगस्ट २०१८ ला सुरू झाला, तो दुसरा शनिवार होता. २८ देशांतल्या एटीएममधून पैसे काढले गेले, आणि सोमवारच्या स्विफ्ट (बँकांमधल्या आंतरराष्ट्रीय संदेशांची यंत्रणा) व्यवहारांसकट नुकसान ९४ कोटींच्या घरात गेलं. पुण्यात हे काम करणाऱ्या कोणालाही तो आठवडा विसरता येत नाही. म्हणून फोन कोण उचलतो, त्याच्याकडे पुढचा नंबर आहे का, सर्व्हर बंद करायचा निर्णय कोण घेणार, हे आम्ही कामाच्या वेळेबाहेरच तपासतो. ड्रिलची तारीख तुमच्या व्यवस्थापनाच्या लेखी संमतीनं ठरली होती. स्टाफला आधी कळवलं नव्हतं, कारण कळवलं असतं तर तपासण्यासारखं काही उरलंच नसतं. त्यांना झालेला त्रास मला समजतो. त्या रात्री ज्यांनी उठून लॅपटॉप उघडला, त्यांचं मी मनापासून कौतुक करतो.

आमची फी सर्टिफिकेट मिळण्यावर अवलंबून नसते, हे करारात पहिल्या पानावर आहे. ती तशी बांधली, तर खोट्या नोंदी करण्याचा मोह आम्हालाच होईल.

तुम्हाला काम दुसऱ्या सल्लागाराकडे न्यायचं असेल, तर खुशाल न्या. आतापर्यंतची सगळी कागदपत्रं तुमच्या मालकीची आहेत. नव्या सल्लागाराला सगळं समजावून सांगायला आमची टीम बसेल, त्याचे पैसे घेणार नाही. आमच्याबरोबरच पुढे जायचं असेल, तर या तिमाहीचा ॲक्सेस आढावा आणि रिस्टोअर टेस्ट आधी प्रत्यक्ष करूया, मग अंतर्गत ऑडिटची तारीख घेऊ. दोन्हींपैकी काय ठरलं ते नेहमीच्या ईमेलवर कळवा.

– संचालक