कॅन्सरनंतर 5 वर्षं विमान नाही? त्या फॉरवर्डला उत्तर

गेल्या आठवड्यात मावशीने घरच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड टाकला. काळजीपोटीच टाकला असणार. ‘कॅन्सर झालेल्यांनी 5 वर्षं परदेशी जाऊ नये. विमानातल्या रेडिएशनने आजार उलटतो, हात सुजतो, औषधं विमानतळावर जप्त होतात. विमा मिळत नाही, म्हणून फॉर्मवर आजार लिहूच नये.’ आईने तो वाचला आणि लंडनला ताईला फोन लावला, “राहू दे गं, तिकीट काढू नकोस.” स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन, केमो, रेडिएशन सगळं आटोपून आईला 8 महिने झालेत. डॉक्टरांनी ‘खुशाल जा’ म्हटलंय. ते सगळं चार ओळींनी पुसलं गेलं, याचा मला फार राग आला.

आधी रेडिएशन. उंचावर वैश्विक किरणं जास्त असतात, हे खरं. पण मुंबई-लंडन एका उड्डाणात ती भरतात साधारण 0.05 मिलिसिव्हर्ट (अंगावर पडणारं रेडिएशन मोजायचं एकक). कुठेही न जाता, नुसतं जमिनीवर राहून माणसाला वर्षाकाठी सरासरी 2.4 मिलिसिव्हर्ट मिळतात. छातीच्या एका सीटी स्कॅनमध्ये 6-7. म्हणजे आईच्या एका स्कॅनची बरोबरी करायला शंभरावर उड्डाणं लागतील. एवढ्याने आजार उलटतो म्हणणं निराधार आहे.

5 वर्षांचा आकडा बहुधा आकडेवारीतून उचललाय. उपचारांचं यश मोजताना 5 वर्षांनी किती रुग्ण हयात आहेत, ते पाहण्याची पद्धत आहे. त्याचा प्रवासबंदीशी काही संबंध नाही. कधी निघायचं हे ठरतं रक्ताच्या रिपोर्टवर, ऑपरेशनच्या जखमेवर आणि फुप्फुसांवर. विमानात हवेचा दाब 6 ते 8 हजार फुटांवर असावा तेवढा ठेवतात, म्हणजे शिमल्यात बसल्यासारखं. हिमोग्लोबिन फार कमी असेल, छातीत पाणी किंवा हवा साठली असेल तर तिथे त्रास होऊ शकतो. केमोनंतर साधारण 7 ते 14 दिवसांत पांढऱ्या पेशी सगळ्यात खाली जातात, तेव्हाही गर्दीचा प्रवास नको. हे दिवसांचे-आठवड्यांचे हिशेब आहेत आणि ते ज्याचे त्याचे वेगळे.

हात सुजण्याची भीती मी समजू शकते. स्तनाच्या कॅन्सरमध्ये काखेतल्या गाठी काढलेल्या बायका ती रोज बाळगतात. पण विमानप्रवासाचा आणि या सुजेचा ठोस संबंध संशोधनात दिसलेला नाही. आधीच सूज असेल तर डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्ट सांगतील तशी, मापाची घट्ट बाही घालायची. एवढंच.

खरा धोका आहे पायाचा, आणि त्याबद्दल फॉरवर्डमध्ये चकार शब्द नाही! 4 तासांपेक्षा जास्त एका जागी बसलं की पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याची शक्यता वाढते. कॅन्सर आणि नुकतंच झालेलं ऑपरेशन ती आणखी वाढवतात. कॅन्सर परत येऊ नये म्हणून आई घेते ती टॅमोक्सिफेनची गोळीसुद्धा. म्हणून कडेची सीट, भरपूर पाणी, तासाभराने एक फेरी, आणि गुठळी टाळण्याचं औषध किंवा घट्ट पायमोजे हवेत का, हे डॉक्टरांना विचारायचं.

लशीचंही तसंच. केनियाची सफारी आता पुष्कळ मराठी घरं करतात. तिथे जाताना घ्यायची पिवळ्या तापाची लस जिवंत विषाणूची असते. केमो चालू असताना आणि त्यानंतर निदान 3 महिने ती चालत नाही. लशीचं प्रमाणपत्र नसेल तर भारतात परतल्यावर 6 दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. थोडं थांबून जा, नाहीतर दुसरा देश निवडा.

औषधं सरसकट जप्त होतात, हे खोटं. मूळ पाकिटं, प्रिस्क्रिप्शन, औषधांची जेनेरिक (ब्रँडची नव्हे, मूळ औषधाची) नावं लिहिलेलं डॉक्टरांचं पत्र, आणि सगळं हातातल्या बॅगेत. अपवाद काही तीव्र वेदनाशामकांचा. दुबईला ट्रॅमाडॉल न्यायचं तर आधी तिथल्या सरकारची परवानगी लागते, जपानला मॉर्फिन न्यायचं तरीही.

एक गोष्ट तर कुणाच्या ध्यानीमनीही येत नाही. कॅपेसिटाबीन या केमोच्या गोळीने तळहातांची सालं निघू शकतात, बोटांचे ठसे पुसट होऊ शकतात. 2008 मध्ये सिंगापूरच्या एका रुग्णाला ठसे उमटेनात म्हणून अमेरिकेच्या विमानतळावर 4 तास थांबवून ठेवलं होतं. ही गोळी चालू असेल तर पत्रात तेही लिहून घ्या. थायरॉइडसाठी किरणोत्सारी आयोडीन घेतलेल्यांनाही पत्र हवंच, कारण विमानतळावरची यंत्रं त्यानंतर काही आठवडे वाजू शकतात.

आता सगळ्यात घातक सल्ला: आजार लपवा. विमा मिळतो. आधीच्या आजारावर तो बहुतेक वेळा मर्यादित असतो किंवा अजिबात नसतो, पण हाड मोडलं, बॅग हरवली तर मिळतो. लपवलंत आणि कळलं, तर पूर्ण क्लेम नाकारला जाऊ शकतो, तोही परक्या देशात, हॉस्पिटलचं बिल हातात असताना. कॅन्सरसाठी काय भरून मिळेल, हे कंपनीला विचारा आणि उत्तर लेखी घ्या.

आईच्या फॉर्मवर तो रकाना काल मी भरला. ऑपरेशनची तारीख, शेवटच्या रेडिएशनची तारीख, सध्याची गोळी. ती शेजारी चष्मा लावून बसली होती. गोळीचं नाव लिहिताना माझं स्पेलिंग चुकलं, ते तिनेच दुरुस्त केलं.