‘होम’बद्दल पुन्हा एकदा: एका खरमरीत प्रतिक्रियेला उत्तर

मँचेस्टरच्या ‘सिंपली रेड’ या पॉप बँडच्या ‘होम’ या २००३ सालच्या अल्बमवर मी लिहिलं, त्यावर ‘जुना कॅसेटवाला’ या टोपणनावाने एक लांबलचक प्रतिक्रिया आली आहे. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: बँडचा गायक मिक हकनॉल याला रेकॉर्ड कंपनीने नारळ दिला, त्याला स्वतःचं काही सुचेना, म्हणून त्याने दुसऱ्यांची गाणी उचलली. एका गाण्याला तर आयता ठेकाच चिकटवला. ‘स्टार्स’ या त्यांच्या गाजलेल्या अल्बमच्या काळातल्या, आता पन्नाशीकडे झुकलेल्या चाहत्यांनी आठवणींखातर तो अल्बम विकत घेतला, आणि समीक्षकांनी त्याकडे दुर्लक्ष केलं ते बरंच केलं. शेवटी मला एक टोला आहे. “‘काँटा लगा’च्या रिमिक्सवर नाक मुरडणारे तुम्ही. तेच मँचेस्टरच्या माणसाने केलं की तुम्ही त्याला परंपरा म्हणता.”

कॅसेटवाले, टोला झकास आहे, म्हणून उत्तर तिथूनच सुरू करतो.

आपल्याकडची ती रिमिक्सची लाट आणि ‘होम’ साधारण एकाच काळातले, हे खरं. ‘काँटा लगा’चं रिमिक्स २००२चं, ‘होम’ मार्च २००३चा. पण ‘काँटा लगा’त काय केलं होतं ते आठवा. १९७२च्या ‘समाधी’मधली पंचमची चाल आणि मजरूह यांचे शब्द ठेवले, लताबाईंचा आवाज काढून नवा घातला, आणि खाली ढणढणाट जोडला. म्हणजे लोकांच्या ओठांवर जे होतं ते तसंच विकलं, फक्त तळ बदलला. कायद्यानेही तेव्हा वाट मोकळी ठेवली होती. मूळ ध्वनिमुद्रणाला दोन वर्षं उलटली की नोटीस द्यायची, रॉयल्टी भरायची, आणि नव्या आवाजात गाणं बाजारात आणायचं.

हकनॉलने ‘होम’मधल्या ‘सनराइज’ या गाण्यात बरोबर उलटं केलं. त्याने तळ घेतला आणि वरची चाल, वरचे शब्द स्वतःचे बांधले. तळ होता हॉल अँड ओट्सच्या ‘आय कान्ट गो फॉर दॅट’चा. १९८१चं गाणं, ड्रम मशीनवरचा तो संथ ठेका आणि त्यावर मांजराच्या पावलांनी चालणारा बेस. गाण्याच्या श्रेयनामावलीत हकनॉलच्या शेजारी डॅरिल हॉल, जॉन ओट्स आणि सारा ॲलन ही तिन्ही नावं आहेत. चोरी म्हणायला जागाच नाही. फार तर आळस म्हणा, आणि त्यावर आपण भांडू.

हा तळ काही कुणीही कुठूनही उचलावा असा नव्हता. त्याची कुळकथा मजेदार आहे. हॉल आणि ओट्स हे फिलाडेल्फियातले गोरे गायक, पण १९८२च्या सुरुवातीला हे गाणं अमेरिकेच्या पॉप यादीत पहिलं आलं आणि काळ्या श्रोत्यांच्या आर अँड बी यादीतही पहिलं आलं. गोऱ्यांच्या बाबतीत असं क्वचितच घडतं. मायकल जॅक्सनने ‘बिली जीन’साठी आपण हाच ठेका मनात धरला होता, असं आपल्यापाशी कबूल केल्याचं डॅरिल हॉल सांगतो. १९८९मध्ये डे ला सोल या हिप-हॉप गटाने त्यावर ‘से नो गो’ रचलं. म्हणजे हकनॉलपर्यंत पोचेतो तो ठेका चांगला फिरून आला होता. आणि ज्या गाण्यातला हा ठेका, ते वरवर प्रेमगीत वाटलं तरी मुळात रेकॉर्ड कंपन्यांच्या दडपणाबद्दल आहे, असं ओट्सने नंतर सांगितलंय: अमुक एक करायला सांगाल, तर ते आमच्याने होणार नाही. आता हेच गाणं निवडलं कुणी? नुकत्याच कंपनीतून बाहेर पडलेल्या माणसाने. त्याने हे ठरवून केलं असा माझा दावा नाही, पण योगायोग असेल तर तो फारच रसिक योगायोग आहे.

आता तो नारळ. वॉर्नर समूहातल्या ईस्ट वेस्ट या कंपनीसाठी हकनॉलचा शेवटचा नवा अल्बम म्हणजे १९९९चा ‘लव्ह अँड द रशियन विंटर’. तो ब्रिटनमध्ये सहाव्या क्रमांकापर्यंत पोचला. त्याआधीचे सलग काही अल्बम पहिल्या क्रमांकावर गेले असताना ही घसरणच, आणि अल्बमही विस्कटलेला होता, हे मान्य. पण करार संपल्यावर या माणसाने दुसऱ्या मोठ्या कंपनीचं दार ठोठावलं नाही. बँडच्या संकेतस्थळाचंच नाव लेबलला दिलं, सिंपलीरेड डॉट कॉम, आणि ‘होम’ स्वतःच्या मालकीचा काढला. काळ बघा. इंटरनेटवरून फुकट गाणी वाटू देणाऱ्या नॅपस्टरने कंपन्यांची झोप उडवलेली, फुकट गाण्यांचा सुळसुळाट, आणि ॲपलचं आयट्यून्स स्टोअर उघडायला अजून महिना बाकी. एवढ्या अनिश्चित बाजारात चाळिशी ओलांडलेल्या पॉप गायकाने आपले पैसे घालून अल्बम काढला, आणि तो ब्रिटनच्या यादीत दुसरा आला. ‘सनराइज’ सातव्या क्रमांकावर, ‘यू मेक मी फील ब्रँड न्यू’सुद्धा सातव्या. ज्याला तुम्ही ‘आठवणींखातर विकत घेतला’ म्हणता, त्यात या दोन गाण्यांनी रेडिओवर नव्याने जागा मिळवली हेही धरा. नुसत्या आठवणींवर जुन्या गाण्यांचा संग्रह खपतो, नवं सिंगल, म्हणजे सुटं काढलेलं गाणं, सातव्या क्रमांकावर जात नाही.

चार वर्षांनी, २००७मध्ये, रेडिओहेड या ब्रिटिश बँडने ‘इन रेनबोज’ हा अल्बम कंपनीशिवाय स्वतः बाजारात आणला, तेव्हा त्यावर केवढं तत्त्वज्ञान लिहिलं गेलं. श्रोत्याने वाटेल ती किंमत द्यावी ही त्यांची कल्पना अफलातून होती, वाद नाही. पण मालकी आपल्याकडे ठेवायची, हा त्यातला पाया हकनॉलने आधीच घातला होता. तो मात्र लाल कुरळ्या केसांचा, गुळगुळीत गाणी गाणारा, जेवणाच्या मेजवान्यांत मागे हळू आवाजात लावून ठेवायच्या संगीताचा माणूस. फॅशनमध्ये नसलेल्याने धाडस केलं की त्याला ‘कंपनीने काढून टाकलं’ म्हणतात.

यावरून समीक्षकांकडे येतो. ब्रिटिश संगीत-पत्रकारितेने सिंपली रेडला कधीच मनापासून घरात घेतलं नाही, यश शिखरावर होतं तेव्हासुद्धा. ‘स्टार्स’ हा १९९१चा ब्रिटनमधला सर्वाधिक खपाचा अल्बम, आणि १९९२चाही तोच. सलग दोन वर्षं! तरीही त्याबद्दल लिहिताना नाक वर. तेव्हा ‘होम’च्या वेळचं त्यांचं मौन हा ‘होम’वरचा निकाल नव्हता, जुनाच शेरा पुढे चालू होता. माझा राग आहे तो त्या शेऱ्यामागच्या गृहीतकावर. गोऱ्या मुलाने सोल, म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या लोकांचं संगीत, गायचं तर ते उसनं, आणि उसनं ते खोटं.

उत्तर इंग्लंडचा इतिहास ज्याने जरा चाळला आहे त्याला हे पटणार नाही. साठच्या दशकात मँचेस्टरच्या ट्विस्टेड व्हील क्लबात, पुढे १९७३ ते १९८१ विगन गावच्या ‘विगन कॅसिनो’ या नाचघरात, गिरण्या-कारखान्यांत आठवडाभर राबणारी पोरं रात्रभर अमेरिकन सोलवर नाचायची. अमेरिकेतही कुणी ऐकल्या नव्हत्या अशा तबकड्या ती शोधून आणत आणि जिवापाड जपत. हकनॉल १९६०चा, त्याच पट्ट्यातला. वडिलांनी एकट्याने वाढवलेला, आई तो तीन वर्षांचा असताना घर सोडून गेलेली. त्या जखमेतून ‘होल्डिंग बॅक द इयर्स’ आलं. आधी फ्रँटिक एलिव्हेटर्स या पंक बँडबरोबर १९८२मध्ये मुद्रित केलं तेव्हा ते कुणी ऐकलं नाही, मग सिंपली रेडबरोबर १९८६मध्ये अमेरिकेत पहिलं आलं. ते गाणं त्याचं स्वतःचं. अमेरिकेत पहिलं आलेलं दुसरं गाणं, १९८९चं ‘इफ यू डोन्ट नो मी बाय नाऊ’, मात्र उसनं. गँबल आणि हफ या फिलाडेल्फियाच्या जोडीने ते १९७२मध्ये हॅरल्ड मेल्विन अँड द ब्लू नोट्ससाठी केलं होतं. म्हणजे ‘स्वतःचं’ आणि ‘उसनं’ हे दोन्ही हात या माणसाच्या गळ्यात पहिल्यापासून आहेत. सुचेनासं झालं म्हणून २००३मध्ये अचानक दुसऱ्यांच्या दारी गेला, हा तुमचा क्रमच चुकतो.

‘होम’मध्ये परकी गाणी आहेत तीन. तिन्हींबद्दल माझं मत एकसारखं नाही.

‘यू मेक मी फील ब्रँड न्यू’ हे टॉम बेल आणि लिंडा क्रीड यांनी केलेलं, १९७४मध्ये गाजलेलं स्टायलिस्टिक्स या गायकगटाचं गाणं. पुन्हा फिलाडेल्फिया. मूळ गाणं जरूर ऐका. त्यात इलेक्ट्रिक सतार आहे, आपल्या कानाला लगेच खुणावते. पण खरी गंमत गळ्यांची. कडव्याची सुरुवात एअरियन लव्ह खालच्या पट्टीत, जवळजवळ बोलल्यासारखी करतो, आणि मग रसेल टॉम्पकिन्स ज्युनियर कापऱ्या उंच आवाजात ती उचलून वर नेतो. दोन माणसं, एक कबुली. हे गाणं एकट्याने गायचं म्हणजे तो सगळा हस्तांतराचा खेळ सोडून द्यायचा. हकनॉल तो सोडतो. त्याबदल्यात मिळतं ते वेगळंच: आधी अवघडून बोलणारा आणि नंतर उमाळ्याने गाणारा माणूस एकच आहे, असं कळतं. मूळ गाण्यात नाट्य जास्त आहे, इथे पात्र जास्त आहे. तुम्ही म्हणाल चलाखी. आपल्याकडे एकच बंदिश चार घराण्यांचे गवई गातात, तेव्हा ‘स्वतःचं का नाही रचलं’ असं विचारायला कोणी उठत नाही. गवई तिचं काय करतो ते ऐकायला लोक बसलेले असतात.

‘मनी इन माय पॉकेट’ डेनिस ब्राउनचं, जमैकाचं. यावर तुम्ही ‘आता रेगेही’ असा शेरा मारलाय. १९९३मध्ये मँचेस्टरला ‘ब्लड अँड फायर’ नावाचं लेबल सुरू झालं, सत्तरच्या दशकातलं विस्मरणात गेलेलं रेगे आणि डब (रेगेचाच, वाद्यांवर भर देणारा प्रकार) नीट स्वच्छ करून, माहितीपूर्ण टिपणांसह पुन्हा काढण्यासाठी. त्यामागे ज्यांचं पाठबळ होतं त्यात हकनॉल होता. काँगोज या जमैकन गटाचा ‘हार्ट ऑफ द काँगोज’ हा अल्बम त्या लेबलमुळे नव्या पिढीच्या हाती आला. तेव्हा रेगेची हौस त्याला २००३मध्ये लागली नव्हती. गाणं मात्र साधंच उतरलंय. डेनिस ब्राउनच्या आवाजातला तो बेफिकीर रडवेलेपणा इथे नाही.

आणि बॉब डिलनचं ‘पॉझिटिव्हली फोर्थ स्ट्रीट’? नाही हो. तिथे मी तुमच्याच बाजूला उभा आहे. ते गाणं म्हणजे निव्वळ तिरस्कार आहे, ओळीगणिक थंड होत जाणारा. इतक्या गोड गळ्यातून तो उतरत नाही, मध पडल्यासारखा ओघळतो. मी बहुधा पुढचं गाणं लावतो.

‘एकच मूळ माणूस उरलाय, याला बँड का म्हणायचं’ या मुद्द्यावर फार वेळ घालवत नाही. नाव त्याचं, आवाज त्याचा. सॅक्सोफोनवाला इयन कर्कम १९८६पासून सोबत आहे, आणि ‘स्टार्स’मध्ये ड्रम्स वाजवणारा जपानी गोटा याशिकी ‘होम’च्या निर्मितीतही आहे. एवढं सातत्य कित्येक ‘खऱ्या’ बँडांत नसतं.

तुमच्या रागाला योग्य पत्ता हवा असेल तर तो आहे, दोन वर्षं पुढे. २००५चा ‘सिंप्लिफाइड’. तिथे हकनॉलने स्वतःचीच जुनी गाणी लॅटिन थाटात, हलकी करून पुन्हा गायली. त्यामागे व्यवहार असणार, असा माझा अंदाज आहे: जुन्या ध्वनिमुद्रणांची मालकी कंपनीकडे, मग नवी ध्वनिमुद्रणं आपल्या मालकीची करून ठेवा. व्यवहार म्हणून शहाणपणाचं, ऐकायला पाणचट. आठवणी विकणं म्हणतात ते हे. आणि तोही ब्रिटनमध्ये तिसऱ्या क्रमांकावर गेला, त्यामुळे खपावरून दर्जा ठरवू नये हे तुमचं म्हणणं इथे तंतोतंत लागू पडतं.

उलट टोकही बघा. २०१०मध्ये निरोपाचा दौरा करून बँड मिटला, आणि २०१५मध्ये परत आला तो ‘बिग लव्ह’ घेऊन. सगळी गाणी हकनॉलची स्वतःची, १९९५च्या ‘लाइफ’नंतर प्रथमच. तुमच्या कसोटीवर हा अल्बम ‘होम’च्या वर असायला हवा. उसना ठेका नाही, दुसऱ्याचं गाणं नाही, चौथ्या क्रमांकापर्यंत गेलासुद्धा. आता मला त्यातल्या एका गाण्याचा मुखडा न शोधता गुणगुणून दाखवा. ‘सनराइज’चा तुम्हाला येतो, हे तुमच्या प्रतिक्रियेवरूनच दिसतंय, त्याची ओळ तुम्ही चुकून बरोबर लिहिली आहे.

‘सिंप्लिफाइड’वर सडकून लिहायचं असेल तर जरूर लिहा. मी इथे छापतो, आणि यावेळी खाली माझं उत्तर नसेल.