आयबीडीएफकडे अर्ज केला म्हणून केबलचं बिल उतरत नाही

सध्या सोलापुरातल्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय : 'केबलचं बिल वाढलं? आयबीडीएफ या सरकारी संस्थेकडे तक्रार करा. दर तीच ठरवते, वाईट चॅनल बंदही करते.' पूर्व भागातल्या आमच्या शेजारच्या अक्का तो मेसेज दाखवून म्हणाल्या, "अर्ज लिहून दे की रे."

आधी 'सरकारी' हा शब्द. आयबीडीएफ म्हणजे इंडियन ब्रॉडकास्टिंग अँड डिजिटल फाउंडेशन, चॅनल कंपन्यांनी १९९९ मध्ये काढलेली स्वतःची संघटना. नावातलं 'डिजिटल' २०२१ मध्ये जोडलं. सरकारशी संबंध एवढाच, की कंपन्यांची बाजू सरकारपुढे मांडायची.

'दर तीच ठरवते' हेही चूक, पण अगदीच हवेतलं नाही. दरांची चौकट ट्राय, म्हणजे सरकारने नेमलेली दूरसंचार नियामक संस्था, आखतं आणि आपल्या चॅनलचा दर प्रत्येक कंपनी स्वतः जाहीर करते. सगळ्यांनी मिळून दर ठरवले तर स्पर्धा कायदा आडवा येईल. मात्र चौकट सैल व्हावी म्हणून भांडणं, हे संघटनेचं कामच. पॅकमध्ये घालायच्या चॅनलची कमाल किंमत ट्रायने १९ वरून १२ रुपयांवर आणली, तेव्हा संघटना मुंबई उच्च न्यायालयात गेली. ३० जून २०२१ चा निकाल बराचसा ट्रायच्या बाजूने लागला. तरी नोव्हेंबर २०२२ मध्ये ट्रायनेच पुन्हा १९ रुपये केले. बिल कमी करा म्हणून तिथे अर्ज करायचा, म्हणजे भाडं उतरवा म्हणून घरमालकांच्या संघटनेकडे जायचं! शिवाय बिलातली नेटवर्क फी चॅनलची नसतेच, ती केबलवाल्याची किंवा डीटीएचवाल्याची. तिच्यावरची १३० रुपयांची मर्यादाही ट्रायने जुलै २०२४ मध्ये काढली.

राहिलं 'चॅनल बंद करते'. परवाना माहिती व प्रसारण मंत्रालयाच्या हातात. संघटनेने २०११ मध्ये मनोरंजन वाहिन्यांसाठी बीसीसीसी ही तक्रार समिती नेमली, अध्यक्ष निवृत्त न्यायाधीश. एखाद्या मालिकेतलं दृश्य खटकलं तर आधी चॅनलला लिहायचं, १५ दिवसांत समाधान झालं नाही तर पुढे या समितीकडे. बातम्यांच्या चॅनलची संघटना वेगळी, तक्रारीचं दारही वेगळं.

अक्कांचं बिल उघडून पाहिलं. एक मराठी पॅक, दोन तेलुगू आणि एक खेळाचा. मुलगा पुण्याला गेल्यापासून तो कुणी लावत नाही. अर्ज बाजूला ठेवला आणि केबलवाल्याला फोन लावला.