‘एकूण’ दिसलं की बेरीज?

शिक्षकांच्या ग्रुपवर सध्या एक रंगीत तक्ता फिरतोय. ‘एकूण, मिळून, जास्त’ म्हणजे बेरीज. ‘उरले, कमी, फरक’ म्हणजे वजाबाकी. ‘प्रत्येकी’ म्हणजे गुणाकार. शब्द ओळखा, शाब्दिक उदाहरणं सुटलीच म्हणून समजा! असाच तक्ता मीही काही वर्षं वर्गात टांगला होता, म्हणून जरा अधिकाराने बोलते.

दावा पहिला: शब्दावरून क्रिया कळते. फळ्यावर हे लिहून बघा: ‘सईकडे १२ चिंचोके आहेत. ते रमाच्या चिंचोक्यांपेक्षा ५ ने जास्त आहेत. रमाकडे किती?’ तक्ता पाठ असलेली पोरं धडाधड ‘१७!’ म्हणून ओरडतात. ‘जास्त’ दिसलं ना! ‘दोघींचे मिळून १५, सईचे ८, रमाचे किती?’ यात ‘मिळून’ आहे आणि करायची आहे वजाबाकी. ‘२४ लाडू ६ जणांत सारखे वाटले, प्रत्येकी किती?’ इथे तर सरळ भागाकार. तक्ता चालतो तो बेरजेच्या धड्याखालच्या स्वाध्यायात. तिथे उदाहरण न वाचताही बेरीजच बरोबर येते.

दावा दुसरा: निदान मुलं सोडवायला तरी लागतात. लागतात, पण काय सोडवतात? फ्रान्समध्ये ग्रेनोबल इथे १९८० च्या सुमारास प्राथमिकच्या ९७ मुलांना विचारलं होतं: जहाजावर २६ मेंढ्या आणि १० शेळ्या आहेत, कप्तानाचं वय किती? ७६ जणांनी त्याच आकड्यांची खटपट करून वय काढून दिलं! प्रश्नाला अर्थच नाही, हे त्यांना खटकलं नाही. आकडे दिसले की काहीतरी करायचं, ही सवय आपणच लावतो.

दावा तिसरा: आधी पाढे, मग उदाहरणं. माझ्या दुसरीच्या वर्गात सहाचा पाढा न येणाऱ्या एका मुलीने त्या लाडवांसाठी फरशीवर खडूने सहा गोल काढले आणि २४ चिंचोके एकेक करून टाकत गेली. शेवटी एकाच गोलातले मोजले. ‘चार!’ सगळे गोल कशाला मोजायचे, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. कार्पेंटर आणि सहकाऱ्यांच्या १९९३ च्या अमेरिकेतल्या अभ्यासातही बालवाडीच्या ७० मुलांपैकी जवळपास निम्म्यांनी सगळ्या उदाहरणांना योग्य रीत वापरली होती, आणि त्यांत वाटणीचीही उदाहरणं होती. पाढे हवेतच, पण त्यांच्यासाठी विचार अडवून ठेवायला नको.

राहिला वेळेचा मुद्दा. मुलांना असा विचार करू दिला तर तासाला दहाऐवजी दोनच उदाहरणं होतात, कबूल. मी आता आधी आकडे झाकते: ‘सईकडे रमापेक्षा जास्त चिंचोके आहेत. मग कमी कुणाकडे?’ झडप घालायला आकडाच नसला की गोष्ट ऐकावी लागते.

परवा १७ लिहिलेल्या एकाला विचारलं, ‘रमाकडे १७, सईकडे १२. मग जास्त कुणाकडे रे?’ त्याने वहीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

‘बाई, खोडू?’